मेजावरचा पास्कू

पास्कू समुद्रात गेला त्यानंतर दोन वर्षं आमच्या घरात कुणी रडलं नाही. मायला ते चालत नव्हतं, आणि मायला न चालणारी गोष्ट आमच्याकडे होत नसे. ती कधी ओरडायची नाही. हातातलं काम थांबवून नुसती बघायची, आणि समोरच्याच्या तोंडातला शब्द तोंडातच राहायचा. माझे वडील मी शाळेत असतानाच वारले. तेव्हापासून ते कौलारू घर, मागची माडांची बाग, माझा थोरला भाऊ पास्कल आणि मी, एवढा सगळा पसारा तिने त्या बघण्यावरच चालवला. पास्कलला सगळे पास्कू म्हणत. मीही नावानेच हाक मारायची. दादा म्हटलं की तो खांद्यावरून मागे वळून दुसऱ्याच कुणाला तरी शोधल्यासारखं करायचा.

आमचा वाडा, म्हणजे आमची वस्ती, मालवणपासून दूर नाही, पण वाटेत खाडी आडवी येते म्हणून लांब वाटतो. घरातून समुद्र दिसत नाही, ऐकू येतो. पावसाळ्यात त्याची गाज इतकी वाढते की जेवताना बोलायचं तर पुढे वाकावं लागतं. सकाळी पाववाल्याच्या सायकलचा भोंगा, दुपारी माडाचं झाप पडल्याचा आवाज, संध्याकाळी चर्चची घंटा. घंटा झाली की माय संतांच्या लाकडी कपाटासमोर मेणबत्ती लावायची आणि आम्ही तेर्स म्हणायचो, रोजची माळेची प्रार्थना. माय पुढे म्हणायची, आम्ही मागून. शेवटी वडिलांच्या आत्म्यासाठी एक प्रार्थना असायची आणि मग जे दूर आहेत, प्रवासात आहेत त्यांच्यासाठी एक. पास्कू गेल्यावर मायने त्याचं नाव या दुसऱ्या प्रार्थनेत घातलं. वडील मेलेल्यांत, पास्कू प्रवासात. पुढची दोन वर्षं तो तिथेच राहिला.

तो देवगडच्या एका ट्रॉलरवर खलाशी होता. वारा फिरला तेव्हा बाकीच्या होड्या आत आल्या. यांची आली नाही. कुणकेश्वरच्या समोर होती, देवळातले दिवे दिसत होते इतक्या जवळ होती, असं दुसऱ्या होडीवरच्या माणसांनी नंतर सांगितलं. होडी उलटलेली सापडली. पिंपांना धरून तरंगणारे खलाशी वाचले. दोघे मिळाले नाहीत, पास्कू आणि विजयदुर्गकडचा एक मुलगा. काही दिवसांनी मिठबावच्या किनाऱ्यावर एक प्रेत लागल्याचा निरोप आला तेव्हा माय, वयनी आणि मी आचऱ्यावरून रिक्षाने गेलो. वयनी म्हणजे पास्कूची बायको लुर्दीन, वेंगुर्ल्याकडची. त्यांच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

त्या सकाळबद्दल मी कधी कुणाला फारसं सांगितलेलं नाही. प्रेतावर ताडपत्री होती. पोलिसांनी आधी चेहऱ्याकडे न बघता कपडे बघा म्हणून सांगितलं. पलीकडे विजयदुर्गहून आलेली त्या मुलाची आई बसली होती, तिला अजून जवळ येऊ दिलं नव्हतं. मायने कपडे बघितले नाहीत. तिने सरळ ताडपत्री वर केली आणि बराच वेळ बघत राहिली. मग ती उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझो नाय. बघलंस मा? माझो नाय तो." तिच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं त्याला आनंद म्हणायची लाज वाटते, पण दुसरा शब्द नाही. ती त्या दुसऱ्या बाईच्या अंगावरून तशीच चालत रिक्षापर्यंत गेली. मागून त्या बाईचा हंबरडा आला, तेव्हाही तिने वळून पाहिलं नाही. वयनी वाळूत होती तिथेच उभी होती. मी तिचा हात धरून तिला आणलं.

त्या दिवसापासून मायची खात्रीच पटली. मिळाला नाही म्हणजे आहे. एखाद्या जहाजाने उचललं असेल, परमुलखात उतरवलं असेल, डोक्याला मार लागून नाव विसरला असेल. तिला कुणी विचारलं तर ती हे सगळं भाजीचा भाव सांगावा तसं सांगायची. दर आठवड्याला पास्कूचे सदरे ट्रंकेतून काढून धुवायची, वयनीला वाळत घालायला लावायची आणि घड्या करून परत ठेवायची. निळ्या चौकड्यांचा एक सदरा त्याला फार आवडायचा. त्या दोन वर्षांत कुणीही न घालता तो नुसत्या धुण्याने आणि उन्हाने विरून पांढुरका झाला.

वयनीला काळे कपडे घालायला बंदी होती. आमच्यात नवरा गेला की बाई निदान वर्षभर काळं घालते. लोक तिला वाट देतात, चर्चमध्ये शेजारी सरकून जागा देतात, तिच्याशी हळू बोलतात. वयनीला यातलं काहीच मिळालं नाही. तिने लग्नातले रंगीत कपडे घालायचे, बोटात अंगठी ठेवायची आणि सणाला लग्नांना हसत जायचं. बायका तिच्याकडे बघून आपापसांतलं बोलणं थांबवायच्या. फादर एकदा घरी आले होते आणि पास्कूच्या आत्म्याच्या शांतीसाठी चर्चमध्ये मिस्सा ठेवूया का असं त्यांनी फार जपून विचारलं. मायने त्यांना चहा दिला आणि विषय आंब्याच्या मोहरावर नेला. वयनीचे भाऊ तिला न्यायला आले तेव्हा माय म्हणाली की नवरा परत आला तर त्याला मी काय सांगू, बायको कंटाळून माहेरी गेली म्हणून? भाऊ मान खाली घालून बसले. वयनीला त्यांच्याबरोबर जाता आलं असतं. ती गेली नाही. का गेली नाहीस, हे मी तिला विचारलं नव्हतं. मायला एकटं सोडवत नव्हतं असं मी धरून चालले होते.

मी तेव्हा किनाऱ्यावरच्या एका डायव्हिंग सेंटरमध्ये कामाला होते. पर्यटकांची नावं लिहून घ्यायची, त्यांना मापाचे रबरी पोशाख द्यायचे, परत आले की ते गोड्या पाण्यात बुचकळून सुकत घालायचे. मालक केळुसकर म्हणून होते, मुंबईत नोकरी करून परत आलेले, उत्साही माणूस. पर्यटकांसाठी तिथे जेवणही असायचं आणि स्वयंपाकाला बाई हवी होती, म्हणून मी वयनीचं नाव सांगितलं. मायने आश्चर्य म्हणजे अडवलं नाही. घरात बसून विचार करते त्यापेक्षा बरं, एवढंच म्हणाली.

त्याच हंगामात मारिसोल आली. पर्यटकांना पाण्याखाली न्यायचं शिक्षण आमच्या पोरांना देण्यासाठी केळुसकरांनी तिला कुठूनसं बोलावलं होतं. मेक्सिकोची, चाळिशीची, रुंद खांद्यांची, उन्हाने भाजलेली बाई. पोरं तिला मारीबाय म्हणायची. तिला तोडकंमोडकं हिंदी यायचं आणि ती जेवायला बाहेर टेबलावर न बसता आत स्वयंपाकघरात वयनीसमोर बसायची. एके दिवशी वयनीने मला सांगितलं, मेज पूस गो. मारिसोलने मान वर केली. मेसा? तिने मेजावर हात आपटून विचारलं. तिच्या भाषेत मेजाला मेसा म्हणतात. मग त्यांचा खेळच सुरू झाला. आमच्या घरात चर्चला इगर्ज म्हणत, तिच्याकडे इग्लेसिया. आमचा पाव, तिचा पान. साबण दाखवला तर ती हाबोन म्हणाली. वयनीला हे इतकं नवल वाटलं की ती दिवसभर वस्तू हातात घेऊन मारिसोलपुढे धरत होती. गोव्यातून आमच्या आज्या-पणज्यांच्या तोंडी जे शब्द आले त्यांची चुलत भावंडं जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी स्वयंपाकघरात नांदतात, हे आम्हाला कोण सांगणार होतं? पुढे कळलं की मारिसोलही माळ जपते, तीही नाताळात घरी गोड करते, तिच्याही आईने घरातल्या संतांपुढे मेणबत्ती लावून तिला वाढवलंय. वयनी त्या दिवसांत हसायची. मी ते बघितलंय म्हणून लिहिते, नाहीतर पुढचं सगळं लिहिताना तिचं हसणं माझ्या हातून सुटून जाईल.

दिवाळीच्या सुमारास केळुसकरांनी ठरवलं की सेंटरमध्ये एक वारसा सप्ताह करायचा. कामावरच्या प्रत्येकाने आपल्या घरची एक परंपरा पर्यटकांना दाखवायची. त्याचे फोटो आणि व्हिडिओ इंटरनेटवर टाकायचे, म्हणजे लोक नुसते बुडी मारायला न येता माणसांकडेही बघायला येतील. कल्पना वाईट नव्हती, आणि केळुसकर मनाने वाईट नव्हते. हे मी आजही म्हणते. होडी चालवणाऱ्या बाबल्याच्या आईने चुलीवर घावणे करून दाखवले. एकाच्या वडिलांनी जाळं विणलं. मारिसोलला विचारलं तेव्हा ती म्हणाली की याच दिवसांत आमच्याकडे मेलेल्यांसाठी मेज मांडतात. त्यांचे फोटो, त्यांना आवडणारं जेवण, मेणबत्त्या, झेंडूची फुलं. झेंडूच्या वासाने त्यांना वाट कळते आणि ते घरी येतात, आणि आपण त्यांच्याबरोबर जेवतो. केळुसकर जरा घुटमळले. पर्यटकांसमोर मेलेल्यांचं कशाला, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. पण मारिसोलने मोबाईलवर तिच्या गावचे फोटो दाखवले, सगळं केशरी आणि उजेडाने भरलेलं, आणि ते लगेच कबूल झाले. ज्याला आपल्या माणसाचा फोटो ठेवायचा असेल त्याने आणावा, असं मारिसोलने सगळ्यांना सांगितलं.

आमच्याकडे तो मेल्ल्यांचो दीस. संतांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी सगळा वाडा सिमितेरीत जमतो, चर्चमागच्या दफनभूमीत, आणि प्रत्येक जण आपापल्या थडग्यावर मेणबत्ती लावतो. वयनी आणि मी वडिलांच्या थडग्यापाशी मायबरोबर उभ्या राहायचो. वयनीने ते थडगं गवत काढून लख्ख करायचं आणि मग बाजूला व्हायचं. सासरा तिने पाहिलाही नव्हता.

सेंटरमधून परत येताना, खाडीवरच्या पुलाच्या कठड्याला टेकून, वयनीने मला विचारलं की पास्कूचा फोटो मेजावर ठेवला तर काय होईल. मी म्हटलं, मायला कळलं तर घरात राहणं कठीण होईल. मायला कसं कळेल, ती कुठे सेंटरमध्ये येते, असं ती म्हणाली. मग खाली पाण्याकडे बघत म्हणाली, "सेलीन, मिठबावाक मी देवाकडे मागी होतंय, तो पास्कूच असू दी म्हणान. ताडपत्री वर केल्यानी आणि तो नाय झालो, तेव्हाच माझां सगळां संपला. मी माहेराक खंयच्या तोंडान जाव?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. माहेरी न जाण्याचं कारण हे होतं आणि मी दोन वर्षं भलतंच समजत होते. नवऱ्याचं मरण मागितलं म्हणून ती स्वतःला शिक्षा देत मायजवळ राहिली होती. दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर बाजारातल्या फोटो स्टुडिओत गेले. तिच्या मोबाईलमध्ये पास्कूचा एक फोटो होता, धक्क्यावर उभा, उन्हाने डोळे बारीक केलेला. स्टुडिओवाल्याने फ्रेम दाखवल्या आणि सहज विचारलं की खाली तारखा घालायच्या का. वयनीने मान हलवून नाही म्हटलं आणि ओढणीने तोंड पुसलं.

संतांच्या सणाच्या संध्याकाळी मेज मांडलं. जेवणाच्या शेडमध्ये दोन बाकं एकावर एक चढवून त्यावर पांढरी चादर, कडेने झेंडूच्या माळा, ज्या इथले लोक दसऱ्याला दाराला लावतात तशाच. मारिसोलने तिच्या आईचा फोटो ठेवला आणि शेजारी एक विणलेला छोटा मोजा. बाळ होतं, ती म्हणाली. बाबल्याने आजोबांचा फोटो आणला होता. वयनीने बांगड्याचं तिखलं केलं होतं, तिरफळं घालून, पास्कूला लागायचं तसं जाळ. सोबत उकडा भात आणि सोलकढी. तिने ताट मेजावर ठेवलं, मागे पास्कूचा फोटो टेकवला, फुलांचे दोन-चार गोंडे त्याच्याभोवती मांडले आणि मागे सरकली. मेणबत्त्या लागल्या. मारिसोल स्पॅनिशमध्ये काहीतरी हळू म्हणायला लागली आणि त्यात मारियेचं नाव आलं तशी वयनीने आमच्या भाषेत तीच प्रार्थना धरली. दोघींचे शब्द वेगळे होते, चाल जवळजवळ एकच.

अर्ध्यावर वयनीचा आवाज गेला. ती खाली बसली आणि रडायला लागली. आमच्याकडे मयताला बायका जसं नाव घेऊन, सांगून सांगून रडतात तसं ती रडली. तू सांगान गेलंस सांजेक येतंय म्हणान, भात निवलो रे, तुझी वाट बघून माझे डोळे गेले रे. दोन वर्षांचं सगळं एका दमात येत होतं. मारिसोलने तिला मिठीत घेतलं. पर्यटक सुरुवातीला बावरले. काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. केळुसकरांचा पुतण्या मोबाईल धरून उभा होता आणि तो तसाच धरून राहिला. रडणं थांबल्यावर आम्ही सगळे त्या ताटातलं थोडं थोडं जेवलो. वाटेत चालताना वयनी मला म्हणाली की आज झोप लागेल. आणि तिला लागली. मी तिच्या खोलीत डोकावले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून लहान मुलीसारखी झोपली होती.

सेंटरच्या पानावर तो व्हिडिओ त्याच संध्याकाळी लागला होता. आमच्या स्वयंपाकीण लुर्दीन आपल्या दिवंगत पतीचं स्मरण करताना, असं खाली लिहिलेलं. लिहिणाऱ्याच्या मनात आदरच असणार. आमच्या वाड्यात तेव्हा प्रत्येक घरात कुणाकडे ना कुणाकडे मोबाईल होता, मायकडे तेवढा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेंटरवर गर्दी होती म्हणून आम्हा दोघींना लवकर बोलावलं होतं. माय एकटीच सिमितेरीत गेली. तिथे काय झालं ते मला नंतर शेजारच्या नातालीनमावशीने रडत रडत सांगितलं. माय वडिलांच्या थडग्यावर मेणबत्ती लावून उभी होती. नातालीनमावशी तिच्याजवळ गेली, तिचा हात हातात घेतला, त्यात दुसरी मेणबत्ती ठेवली आणि म्हणाली, ही पास्कूक. बरां केलांस, शेवटी मानून घेतलांस. मायने विचारलं, काय मानून घेतलं? मग मावशीने मोबाईल काढून दाखवला. आजूबाजूच्या बायका जवळ आल्या. कुणीतरी मायच्या खांद्यावर हात ठेवला. मायने व्हिडिओ पूर्ण बघितला, मोबाईल परत दिला आणि ती मेणबत्ती हातात तशीच धरून फाटकाबाहेर पडली.

ती सेंटरच्या आवारात आली तेव्हा पर्यटकांची न्याहारी चालली होती. मी तिला वाळूतून येताना बघितलं. केळुसकरांना वाटलं ती कार्यक्रमासाठी आली आहे. ते हसत पुढे गेले, या, या, तुमच्या सूनबाईंमुळे आमच्या सप्ताहाला शोभा आली म्हणाले, आणि मेजाजवळ उभ्या राहा, एक फोटो घेऊया म्हणाले. माय त्यांच्याकडे न बघता मेजापाशी गेली. रात्रीतून मेणबत्त्या वितळून चादरीवर सांडल्या होत्या, ताटातल्या भाताला मुंग्या लागल्या होत्या. तिने पास्कूचा फोटो उचलला, त्याला चिकटलेली झेंडूची पाकळी नखाने काढली आणि पदराने काच पुसली. तोपर्यंत वयनी स्वयंपाकघराच्या दारात आली होती. हाताला पीठ होतं.

"तू त्येका मारलंस," माय म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

मला वाटलं वयनी माफी मागेल. तिने हात कपड्याला पुसले. "माय, दर्यान मारल्यान त्येका. तुका ठाऊक आसा. तू त्या दुसऱ्या झिलावरची ताडपत्री वर केलंस तेव्हाच तुका ठाऊक होतां. माका एकदाच रडूक दी."

"रड ना," माय म्हणाली. "तुझो घो होतो तेवढ्यापुरतो. तू उद्या दुसरो करशीत. मी झील खंयसून हाडू?"

मुलगा ती कुठून आणणार होती? वयनी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मारिसोलला भाषा कळत नव्हती पण काय झालंय ते कळलं असावं. ती मायसमोर येऊन दोन्ही हात जोडून उभी राहिली, हिंदीत म्हणाली, मेरी गलती, माँ, मेरी गलती. मायने तिच्याकडे थोडा वेळ बघितलं. मग हातातली न लावलेली मेणबत्ती तिच्या जोडलेल्या हातांवर ठेवली आणि फोटो छातीशी धरून आली तशी वाळूतून निघून गेली. न्याहारीच्या टेबलावरची एक लहान मुलगी तिच्या आईला विचारत होती की आजी का रागावली.

केळुसकरांनी व्हिडिओ काढून टाकला. तोपर्यंत तो कुठे कुठे पोचला होता. वयनी त्या दिवशी घरी आलीच नाही. मारिसोलच्या खोलीत राहिली. तिचे भाऊ येऊन तिचं सामान घेऊन गेले तेव्हा माय मागच्या बागेत सुकलेली झापं ओढत होती आणि ते जाईपर्यंत ओढत राहिली. मी पिशव्या रिक्षात ठेवल्या. एका भावाने मला विचारलं, यात आमच्या बहिणीचं काय चुकलं? मला त्याचं उत्तर आजही देता येत नाही. मायचं काय चुकलं याचंही देता येत नाही.

मारिसोल हंगाम संपण्याआधीच परत गेली. जाताना तिने मला घट्ट धरलं आणि तिच्या भाषेत खूप काही सांगितलं, त्यातला एकही शब्द आमच्या घरातल्या शब्दांसारखा नव्हता. पुढच्या वर्षी सेंटरमध्ये सप्ताह पुन्हा झाला. केळुसकरांनी नवीन स्वयंपाकिणीकडून उकडीचे मोदक करून घेतले. मी मग तिथलं काम सोडलं.

वयनी काही वर्षं गोव्यात एका घरी कामाला होती, मग कुवेतला गेली. तिने दुसरं लग्न केलं नाही. चर्चच्या दप्तरात पास्कू जिवंतच होता, तेव्हा करायचं म्हटलं असतं तरी सोपं नव्हतं. पण ती म्हणायची की तसं मनच होत नाही. आज मी तिच्या तेव्हाच्या वयापेक्षा बरीच मोठी आहे आणि तिच्या जागी स्वतःला उभं करून बघते. मला त्या पुलाच्या पुढे जाता येत नाही.

मायने त्यानंतर पास्कूचा उल्लेख केला नाही. फोटो कुठे ठेवला ते मला कधी सापडलं नाही. आम्ही दोघी त्या घरात वर्षानुवर्षं राहिलो, कामापुरतं बोललो. मग ती विसरायला लागली. आधी चुलीवरचं दूध, मग शेजाऱ्यांची नावं, मग वडील. पास्कू सगळ्यात शेवटी जाईल असं मला वाटायचं. तसं झालं नाही. एकदा मी मुद्दाम त्याचं नाव घेतलं तर तिने मला विचारलं की तो कुणाचा. ज्याला तिने मरू दिलं नाही की ज्याच्यासाठी घरात कुणाला रडू दिलं नाही, तो तिच्यातूनच गेला, आणि ती शांतपणे खिडकीतून माडाकडे बघत बसली.

आता अडवणारं कुणी राहिलं नाही, म्हणून मी यंदा फादरना भेटून पास्कूसाठी मिस्सा ठेवली. वयनीला कुवेतला फोन केला. येशील का, निदान फोनवर ऐकशील का, असं विचारलं. तिच्या मागे कुणाच्या तरी घरातलं मूल रडत होतं. मग ती म्हणाली, "नको गो सेलीन. आता माका रडूक येणा नाय." मायची तब्येत विचारून तिने फोन ठेवला.

मिस्सेला आम्ही थोडेच होतो. नातालीनमावशी काठी टेकत आली होती. मायला मी चांगलं लुगडं नेसवून पुढच्या बाकावर माझ्याजवळ बसवलं. प्रार्थना तिला अजून सगळ्या येतात. त्या कुठे साठवलेल्या असतात कोण जाणे. फादरनी पास्कलचं पूर्ण नाव घेतलं आणि त्याच्या आत्म्याला शांती मागितली. सगळ्यांबरोबर माय स्पष्ट आवाजात म्हणाली, आमेन.

मग माझ्या कानाशी वाकून तिने विचारलं, "कोण गेलो गो?"

मी म्हटलं, वाड्यातलो एक जण.

"तरनो होतो?"

होय, मी म्हटलं.

मग तिने त्याच्या आईबद्दल विचारलं. "त्येची आवय आसा?"

आसा, मी म्हटलं.